"६८ द्या" म्हणण्याआधी: कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसरसाठी तेल निवडताना

नवीन पोरगा प्लांटरूममध्ये लागला की पहिल्या आठवड्यातच त्याला कुणीतरी फर्मावतं, "जा रे, स्टोअरमधून ६८ घेऊन ये." स्टोअरमध्ये दोन बॅरल उभे असतात. दोन्हींवर ६८. एक हायड्रॉलिक प्रेसचं, दुसरं फ्रिजिंगचं. रंग जवळपास सारखा, बोटांत चोळून बघितलं तरी फरक कळत नाही. पोरगा जो बॅरल दाराजवळ असेल त्याला पंप लावतो.

तो पोरगा एकेकाळी मीच होतो. तुर्भ्याचा एक बर्फ कारखाना, अमोनियावरचा जुना रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर, रात्रपाळी. साइट ग्लासमधली पातळी खाली गेली होती. मी दहा लिटर टाकलं, काच अर्ध्यावर आली, लॉगबुकात झोकात सही ठोकली. काही दिवस काहीच झालं नाही. मग ऑइल प्रेशर हळूहळू उतरायला लागलं, एका पहाटे कॉम्प्रेसर ट्रिप झाला. फिल्टर उघडला तर जाळीवर मलमासारखा तपकिरी लगदा. आमच्या शिफ्टच्या मोठ्या ऑपरेटरना सगळे काकाच म्हणायचे. त्यांनी तो लगदा बोटावर घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"काय टाकलंस?"

"६८, काका."

"कसलं ६८?"

हा दुसरा प्रश्न विचारायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. हायड्रॉलिक तेलात पंपाची झीज कमी व्हावी म्हणून बहुतेक वेळा जस्ताचं एक ॲडिटिव्ह घातलेलं असतं. इंजिन ऑइलमध्येही असतं. प्रेसमध्ये ते उत्तम काम करतं. पण अमोनियाशी गाठ पडली की त्याचा गाळ होतो, आणि तो गाळ फिल्टर, ऑइल कूलर, बेअरिंगच्या बारीक वाटा असं सापडेल तिथे जाऊन बसतो. ते सगळं धुऊन काढायला आम्हाला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मालक माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत हेच बरं झालं.

तुर्भे, पावणे, महापे, रबाळे, तळोजा, इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, या पट्ट्यात फळांची कोल्ड स्टोरेज, मासळीचे फ्रीझिंग प्लांट, दुधाचे आणि औषधांचे कारखाने दाटीवाटीने आहेत. तिथे नव्याने लागलेल्या आणि तेल मागवायची जबाबदारी अचानक अंगावर आलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. एक गोष्ट डोक्यात ठेवून पुढे वाचा: गाडीचं तेल इंजिनातच राहतं, आपलं तेल कॉम्प्रेसरमध्ये राहत नाही. ते थोडं थोडं गॅसबरोबर निघून जातं, गॅसचा द्रव करणाऱ्या कंडेन्सरमधून, तो द्रव साठवणाऱ्या रिसिव्हरमधून, उणे तापमानाच्या कॉइलमधून फिरतं. म्हणून तेल निवडताना कॉम्प्रेसरपुरता विचार करून भागत नाही. ते कुठे कुठे जाणार आणि परत कसं येणार, हे आधी बघायचं.

पहिली पायरी: गॅस ओळखा

नेमप्लेट वाचा. रंग उडाला असेल तर ओल्या फडक्याने पुसून टॉर्च मारून वाचा, पण वाचा. कॉम्प्रेसरचं मॉडेल आणि रेफ्रिजरंट, म्हणजे आत फिरणारा गॅस, वहीत उतरवून घ्या. आपल्याकडे अमोनिया सोडून बाकी सगळ्याला सरसकट "फ्रीऑन" म्हणायची सवय आहे. तेल निवडताना ती सवय घातक ठरते, कारण आर-२२ चं तेल वेगळं आणि आर-१३४ए चं वेगळं.

ढोबळ वाटणी अशी. अमोनिया, म्हणजे आर-७१७ असेल तर मिनरल तेल किंवा पीएओ नावाचं सिंथेटिक. आर-२२ असेल तर मिनरल किंवा अल्किलबेंझिन. आर-१३४ए, आर-४०४ए, आर-४०७सी, आर-४१०ए या एचएफसी गॅससाठी पीओई, म्हणजे पॉलिओल एस्टर. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या नव्या प्लांटमध्ये बहुतेक करून पीओई किंवा पीएजी नावाचं दुसरं सिंथेटिक, आणि तिथे कंपनीने सांगितलेलंच. तिथे स्वतःचं डोकं चालवू नका.

यातली एक चूक अशी आहे की तिला माफी नाही: अमोनियाच्या प्लांटमध्ये पीओई. अमोनिया एस्टरवर हल्ला करतो, तेल फुटतं आणि साबणासारखा चिकट गाळ तयार होतो. एकाच आवारात अमोनियाचं कोल्ड स्टोरेज आणि ऑफिसच्या एसीचा एचएफसी चिलर असं दोन्ही असेल, तर दोघांचं तेल एका खोलीत ठेवूच नका. निदान बॅरलना वेगवेगळ्या रंगाचे पट्टे मारा. आमच्याकडे अमोनियाच्या तेलाला पिवळा पट्टा असतो आणि त्या बॅरलचा हातपंपही पिवळाच.

आर-२२ बद्दल जाता जाता एक. माँट्रियल करारानुसार भारतात हा गॅस २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतोय, त्यामुळे जुन्या आर-२२ मशीनमध्ये दुसरा गॅस भरायचे प्रस्ताव येत राहणार. गॅस बदलला की बहुतेक वेळा तेलही बदलावं लागतं, आणि कोटेशनमध्ये ती ओळ असेलच असं नाही. विचारून घ्या.

दुसरी पायरी: तेल परत कसं येतं ते पाइप धरून बघा

हे काम खुर्चीत बसून होत नाही. एक दिवस वेळ काढून कॉम्प्रेसरच्या डिस्चार्जपासून निघा आणि पाइप धरून सगळा प्लांट फिरून या.

अमोनियात मिनरल तेल विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. शिवाय ते द्रव अमोनियापेक्षा जड असतं. म्हणजे जिथे अमोनिया शांत उभा राहतो तिथे तेल तळाशी जाऊन बसतं: रिसिव्हरच्या बुडाला, कॉइलला द्रव पुरवणाऱ्या सर्ज ड्रमखाली, कॉइलच्या खालच्या हेडरमध्ये. म्हणून अमोनियाच्या भांड्यांना खाली ऑइल पॉट, म्हणजे तेल साचायचं छोटं भांडं, असतो आणि तिथून तेल हाताने काढावं लागतं. बुडाशी तेल साचत गेलं की नळ्यांच्या आतून तेलाचा थर बसतो आणि थंडावा पकडत नाही. कोल्ड रूमचं तापमान उतरत नाही म्हणून लोक गॅस वाढवत बसतात. ऑइल पॉट कित्येक महिन्यांत उघडलेला नसतो.

फ्रीऑनचं उलटं. आर-२२ द्रवरूपात तेलापेक्षा जड, आणि तेल त्यात बऱ्यापैकी मिसळतं. तिथे तेल गॅसबरोबर वाहत परत यायला हवं. गॅस कॉम्प्रेसरकडे परत आणणाऱ्या सक्शन पाइपचा व्यास, उभ्या पाइपमधला वेग, ट्रॅप, सगळं त्या हिशोबाने केलेलं असतं. आता अशा प्लांटमध्ये आर-१३४ए भरला आणि तेल जुनं मिनरलच ठेवलं तर काय होईल? या गॅसमध्ये मिनरल तेल मिसळत नाही. ते इव्हॅपोरेटरमध्येच, म्हणजे थंड कॉइलमध्येच, मुक्काम ठोकतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. एचएफसीबरोबर महागडं पीओई का वापरायचं, त्याचं हे साधं कारण.

तिसरी पायरी: कोणत्या घराण्याचं तेल

अमोनियासाठी तीन घराणी लक्षात ठेवा.

नॅफ्थेनिक हे जुनं, स्वस्त, थंडीत चांगलं वाहणारं मिनरल तेल. सुनिसो ३जीएस, ४जीएस ही नावं कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा, तो डोळे मिटून सांगेल. त्याच्या उणिवा दोन: गरम झालं की पटकन पातळ होतं, आणि उडून जायचं प्रमाण जास्त.

दुसरं हायड्रोट्रीटेड पॅराफिनिक. हेही मिनरलच, पण हायड्रोजनची प्रक्रिया करून चांगलं शुद्ध केलेलं. उडतं कमी, काळं पडायला वेळ लागतो. मध्यम प्लांटसाठी माझी पसंती याला.

तिसरं पीएओ. पूर्ण सिंथेटिक, मिनरलपेक्षा कितीतरी महाग, पण खूप थंडीतही वाहतं आणि खूप उष्णतेतही टिकतं. उणे ४० च्या ब्लास्ट फ्रीझरला ते शोभतं. बर्फाच्या कारखान्यात उणे १५ च्या गॅससाठी पीएओ विकायला कुणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

काही छोट्या डीएक्स, म्हणजे द्रव थेट कॉइलमध्ये सोडणाऱ्या, अमोनिया प्लांटमध्ये पीएजी असतं, ते अमोनियात मिसळतं. ते मिनरलबरोबर जमत नाही आणि पाणी ओढतं. तुमच्या प्लांटमध्ये असेल तर मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेलं असेल.

चौथी पायरी: आता कुठे तो नंबर

६८ म्हणजे काय? ४० अंश तापमानाला तेलाची व्हिस्कॉसिटी ६८ सेंटिस्टोक, दहा टक्के इकडे-तिकडे. बस, एवढंच. कसलं तेल, कशात चालेल, यातलं काहीही तो नंबर सांगत नाही. आणि ४० अंशाला दोन तेलं सारखी असली तरी १०० अंशाला ती सारखी राहत नाहीत. नॅफ्थेनिक ६८ तिथे साधारण ६ ते ७ सेंटिस्टोकवर उतरतं, पॅराफिनिक साडेआठच्या पुढे राहतं, पीएओ दहाच्या घरात. हा जो टिकाव धरण्याचा गुण, तो डेटाशीटवर व्हिस्कॉसिटी इंडेक्स म्हणून लिहिलेला असतो.

अमोनियाच्या रेसिप्रोकेटिंग आणि स्क्रू कॉम्प्रेसरना बहुतांश ठिकाणी ६८ चालतं. छोट्या किंवा जुन्या मशीनला कुठे कुठे ४६ असतं. मॅन्युअल काय म्हणतं ते शेवटचं. एचएफसीच्या स्क्रू चिलरमध्ये मात्र १७० किंवा २२० असे आकडे दिसले तर दचकू नका. गॅस तेलात विरघळून ते पातळ करतो, म्हणून सुरुवातच जाड तेलाने करतात. महाप्याच्या एका औषध कारखान्यात नव्या इंजिनिअरने, "एवढं जाड कशाला, वीज जास्त खाईल," म्हणून ६८ चं पीओई मागवलं होतं. बॅरल उघडायच्या आत कुणीतरी मॅन्युअल उघडलं, म्हणून वाचलं. ते बॅरल अजून स्टोअरच्या कोपऱ्यात उभं असेल.

ग्रेड बरोबर आहे की नाही हे ऑइल प्रेशरवरून कळतं, पण ते नीट वाचायला हवं. ऑइल गेजवरचा आकडा हा खरा दाब नाही. त्यातून सक्शनचा दाब वजा करायचा (किलो म्हणजे इथे दर चौरस सेंटिमीटरला किलो). बर्फ कारखान्यात सक्शन दीड किलो आणि ऑइल गेज साडेतीन दाखवत असेल तर खरं ऑइल प्रेशर दोन किलो. नवा ऑपरेटर साडेतीन बघून खूश असतो. सक्शन वाढलं की गेजही वाढतो, आणि त्याला वाटतं तेल मस्त चाललंय.

पाचवी पायरी: थंड टोक

तळोज्याला मासळीच्या प्लांटमध्ये इव्हॅपोरेटिंग तापमान उणे ४० च्या आसपास जातं. तिथे गेलेलं तेल घट्ट काकवीसारखं होतं. पोअर पॉइंट म्हणजे ज्या तापमानापर्यंत तेल कसंबसं का होईना, वाहतं. चांगल्या रेफ्रिजरेशन मिनरल तेलाचा पोअर पॉइंट उणे ३५-४० च्या आसपास असतो, पीएओचा उणे ५० च्याही खाली. साध्या हायड्रॉलिक तेलाचा बहुतेक वेळा उणे वीस-पंचवीस. माझी पद्धत अशी की सगळ्यात थंड कॉइलच्या तापमानापेक्षा पोअर पॉइंट निदान पाच-सात अंश तरी खाली हवा. उणे १५ च्या बर्फाच्या टाकीला हा प्रश्नच येत नाही.

लो साइडचं, म्हणजे थंड, कमी दाबाच्या बाजूचं तेल काढायला गेलं आणि ते येतच नसेल तर व्हॉल्व्ह खराब आहे असं लगेच समजू नका. आधी ऑइल पॉट लिक्विडच्या बाजूने बंद करा, गॅसची सक्शनकडची वाट उघडी ठेवा आणि पॉट बाहेरून कोमट होऊ द्या. आमच्याकडे त्यावर नुसतं नळाचं पाणी सोडतात. नवी मुंबईच्या हवेत तेवढं पुरतं.

सहावी पायरी: गरम टोक, आणि तेलाची वही

मे महिन्यात इथे कूलिंग टॉवरचं पाणीच गरम. अमोनियाचं हेड प्रेशर, म्हणजे कंडेन्सरकडचा दाब, १४ किलोला टेकतं, आणि रेसिप्रोकेटिंग मशीनचं डिस्चार्ज तापमान १२० ते १४० अंशांपर्यंत चढतं. त्या उष्णतेत तेलाचा हलका भाग वाफ होऊन उडतो. ऑइल सेपरेटर तेलाचे थेंब पकडतो, तेलाची वाफ त्याच्या हातातून निसटते. पुढे कंडेन्सरमध्ये ती पुन्हा तेल होते आणि लो साइडला जाऊन बसते. मागे राहिलेलं तेल डिस्चार्ज व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर काळा, कडक कार्बन धरतं. हेड उघडल्यावर व्हॉल्व्ह प्लेटवर डांबरासारखी खपली दिसली, तर तेल उष्णतेला पुरं पडत नाही, किंवा हेडच्या वॉटर जॅकेटमध्ये क्षार बसलेत. दोन्ही तपासा. दुसरं कारण जास्त वेळा निघतं.

स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये तेल भरपूर प्रमाणात आत फवारलं जातं, त्यामुळे डिस्चार्ज ७० ते ९० अंशांतच राहतं. तिथे वाफेपेक्षा धुक्याचा प्रश्न मोठा, आणि ते धुकं पकडायला कोअलेसर असतो. कोअलेसर जुना झाला की कितीही चांगलं तेल टाका, ते निघून जाणारच.

आता या लेखातलं सगळ्यात कामाचं सांगतो: एक वही घाला. दोनच रकाने. डावीकडे टाकलेलं तेल, उजवीकडे ऑइल पॉटमधून काढलेलं तेल, लिटरमध्ये, तारखेसकट. समजा महिन्यात तुम्ही २४ लिटर टॉप-अप केलं आणि ९ लिटर काढलं. उरलेले १५ लिटर कुठे गेले? जमिनीवर गळाले नसतील तर ते कॉइलमध्ये बसलेत. असं सहा महिने चाललं की एक दिवस थंडावा बंद, नाहीतर तेलाचा लोंढा एकदम परत येऊन कॉम्प्रेसरवर ठोका. सेल्समन तुम्हाला "कमी उडणारं" तेल विकायला येईल तेव्हा ही वही त्याच्यासमोर ठेवा. महाग तेलाने खरंच फायदा झाला की नाही हे त्याच्या रंगीत पत्रकापेक्षा तुमच्या दोन रकान्यांतून जास्त नीट कळेल. मी स्वतः एका ठिकाणी नॅफ्थेनिकवरून हायड्रोट्रीटेडवर गेलो तेव्हा टॉप-अप निम्म्याच्या आसपास आलं. दुसऱ्या एका ठिकाणी काहीच फरक पडला नाही. तिथे पिस्टन रिंगा गेल्या होत्या.

सातवी पायरी: डेटाशीट

विक्रेत्याकडून डेटाशीट मागा. व्हॉट्सॲपवर आलेला बॅरलचा फोटो म्हणजे डेटाशीट नव्हे. त्यात या गोष्टी बघा: कोणत्या गॅससाठी, ४० आणि १०० अंशांची व्हिस्कॉसिटी, पोअर पॉइंट, फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान). जर्मन मानक डीआयएन ५१५०३ चा उल्लेख असेल तर काम सोपं होतं. त्यात केएए म्हणजे अमोनियात न मिसळणारं, केएबी म्हणजे अमोनियात मिसळणारं, केसी म्हणजे आर-२२ सारख्या गॅससाठी, केडी म्हणजे एचएफसीसाठी. अक्षरं जुळली नाहीत तर पुढे बोलणंच नको.

अन्नाचा कारखाना असेल तर तुमच्या ऑडिटला एनएसएफ एच१ नोंदणीचं तेल (चुकून अन्नाला लागलं तरी चालेल असं) मागतात का ते क्वालिटीवाल्यांना आधी विचारा. बॅरल आल्यावर विचारलंत तर बॅरल परत जातं आणि दोन आठवडे जातात.

"तंतोतंत तसंच, फक्त स्वस्त" असं म्हणणाऱ्या लोकल मालाबद्दल माझं मत सरळ आहे. सील नसलेलं, बॅच नंबर नसलेलं तेल मी फुकटही घेत नाही.

पावसाळा आणि बॅरल

तेल कितीही चांगलं निवडा, जुलैत तुर्भ्याच्या उघड्या आवारात बॅरल उभं ठेवलंत की मेहनत पाण्यात. अगदी शब्दशः. उभ्या बॅरलच्या वरच्या खोलगट झाकणावर पावसाचं पाणी साचतं. दुपारी ऊन पडलं की आतली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. संध्याकाळी सर आली, बॅरल गार पडलं की ते आत ओढून घेतं. हवेच्या जागी त्या वेळी बुचावर पाणी उभं असतं. बॅरल श्वास घेतं आणि पाणी पितं. बूच घट्ट दिसत असतं, सील शाबूत असतं, आणि तरी तळाशी पाणी निघतं. म्हणून बॅरल छपराखाली ठेवा. बाहेर ठेवणं भागच असेल तर आडवं, दोन्ही बुचं घड्याळाच्या तीन आणि नऊवर येतील असं, म्हणजे आतून बुचांवर तेल उभं राहतं.

पीओईचं तर विचारू नका. ते हवेतलं बाष्प ओढतं, आणि पाण्याशी गाठ पडली की पुन्हा आम्लात फुटतं. नव्या डब्यात पाणी ५० पीपीएमच्या आत असतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत झाकण उघडं ठेवून चहाला गेलात की तो डबा गेला. म्हणून पीओई मोठ्या बॅरलमध्ये न घेता लागेल तेवढ्याच छोट्या, धातूच्या डब्यांत घ्या. प्लास्टिकमधून बाष्प हळूहळू शिरतं. उघडलेला डबा उरला तर पुढच्या वेळेला वापरायचा मोह टाळा.

जुने लोक गरम तव्यावर तेलाचा थेंब टाकून तडतडतं का बघायचे. ढोबळ पाणी त्यात कळतं, ५० पीपीएम कळत नाही. त्यासाठी लॅबची कार्ल फिशर टेस्टच लागते.

तेलाचा प्रकार बदलताना

नॅफ्थेनिकवरून हायड्रोट्रीटेडवर किंवा पीएओवर जाताना दोन गोष्टी घडतात आणि दोन्हींचा दोष नव्या तेलावर येतो. पहिली, जुन्या तेलाने रबरी ओ-रिंगा फुगवलेल्या असतात. नवं तेल तेवढं फुगवत नाही, रिंगा आकसतात, आणि जिथे वर्षानुवर्षं गळती नव्हती तिथे अमोनियाचा वास यायला लागतो. म्हणून तेल बदलायच्या दिवशीच महत्त्वाच्या ओ-रिंगा आणि शाफ्ट सील बदला. दुसरी, नवं तेल जुना गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येतो. पहिल्या महिन्यात जास्तीचे फिल्टर हाताशी ठेवा, आणि ऑइल प्रेशर दर शिफ्टला लिहा.

मिनरलवरून पीओईवर जायचं असेल तर एकदा काढून भरल्याने होत नाही. जुनं मिनरल साधारण ५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत दोन-तीनदा भरून, चालवून, काढावं लागतं.

काहीही बदला, तेल काढायच्या आधी मशीन बंद असताना तेल गरम ठेवणाऱ्या क्रँककेस हीटरची स्थिती बघा. फ्रीऑनच्या मशीनमध्ये बंद असताना गॅस तेलात मुरतो आणि चालू केल्याबरोबर फेस येतो. साइट ग्लासमध्ये ताकासारखा फेस दिसला तर ते तेल कमी पडल्याचं लक्षण नसतं. तिथे वरून तेल ओतणारे मी पाहिलेत.

ऑइल पॉटमधून तेल काढताना

इथे मस्करी नाही. अमोनियाचे बरेच अपघात तेल काढतानाच होतात. एकट्याने करू नका. दुसरा माणूस मास्क घेऊन, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा हवा. पॉट लिक्विडच्या बाजूने बंद करून गॅस सक्शनला जाऊ द्या, दाब उतरू द्या, मगच ड्रेन. ड्रेनला स्प्रिंगचा आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह हवाच, आणि त्याच्या दांडीला तार बांधून तो उघडा ठेवायचा नाही. हात सोडला की बंद व्हावा, यासाठीच तो आहे. तार बांधून विडी ओढायला गेलेला माणूस मी बघितलाय. तेल संपल्यावर काय बाहेर आलं ते सांगायला नको. अमोनियाचा वास ५ पीपीएमच्या आसपासच नाकाला कळतो, आठ तासांच्या कामासाठी मर्यादा २५ पीपीएम धरतात आणि ३०० ला जिवाला धोका. डोळे झोंबायला लागले तर थांबायचं, "एवढं चालतं" म्हणायचं नाही. शॉवर आणि डोळे धुण्याची जागा कुठे आहे ते आधी चालत जाऊन बघा.

काढलेलं तेल पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये टाकू नका, ते कितीही स्वच्छ दिसलं तरी. गटारात तर अजिबात नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं तेल ५.१ या वर्गात येतं. ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्याच्या रीसायकलरलाच द्यायचं आणि फॉर्म १० चा मॅनिफेस्ट फाइलला लावायचा. भंगारवाला दोन पैसे जास्त देईल, पण कागद देणार नाही.

नवीन बॅरल उघडलं की मी त्यातलं थोडं तेल काचेच्या छोट्या बाटलीत भरतो, वर तारीख, बॅच नंबर आणि कोणत्या मशीनला टाकलं ते लिहितो. दर तीन महिन्यांनी मशीनमधलं तेल दुसऱ्या बाटलीत घेतो, त्यातला गॅस निघून जाऊ देतो आणि दोन्ही बाटल्या प्लांटरूमच्या खिडकीत उजेडासमोर धरतो. चहासारखं तांबूस चालतं. कोऱ्या कॉफीसारखं काळं किंवा दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी नमुना लॅबला जातो. माझ्या खिडकीत आत्ता एकोणीस बाटल्या आहेत.